पुंगळीची साक्ष आणि माणसांची

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्याच्या परिसरात माणसे रात्रीच्या अंधारात विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते खणत असल्याच्या बातम्या आल्या, त्या वाचकांच्या स्मरणात असतील. फेब्रुवारीत ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला होता, त्यात बऱ्हाणपूरवरील स्वारीचे दृश्य होते, आणि मोगलांचे सोने इथल्या मातीत पुरलेले आहे अशी वदंता त्या पाठोपाठ पसरली. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून चित्रपट, चित्रपटावरून अफवा आणि अफवेवरून शेतात खड्डे, असा हा प्रवास. त्या खणणाऱ्यांना हसणे सोपे आहे. पण साहित्याचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्या आम्हां मंडळींना त्या दृश्यात आमचीच एक सवय दिसली. संहितेतून चमकणारे वाक्य उपटून काढायचे, ते कुठे होते, कोणाच्या तोंडी होते, त्याच्या आजूबाजूला काय होते हे तिथेच टाकून द्यायचे आणि वाक्य तेवढे घेऊन घरी जायचे, ही ती सवय.

जुन्या रणभूमीवर धातुशोधक यंत्राने जे सापडते त्याचे मोल धातूत क्वचितच असते. शिशाची गोळी, तांब्याची पुंगळी, तुटलेले बक्कल, घोड्याच्या नालेचा खिळा यांना बाजारात फारशी किंमत येत नाही. त्यांचे मोल असते ते जागेत. वस्तू नेमकी कुठे पडली होती, किती खोल होती, तिचे तोंड कोणत्या दिशेला होते आणि तिच्या शेजारी काय होते, यात. जागेची नोंद न करता उचललेली गोळी म्हणजे वाक्यातून तोडलेला शब्द होय. त्याचा अर्थ कोशात सापडेल, पण तो तिथे काय म्हणत होता हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

हे ज्या ठिकाणी सर्वांत स्पष्टपणे दिसून आले, ते ठिकाण अमेरिकेतील मोंटाना राज्यात आहे. २५ व २६ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा, उत्तर शायेन व अरापाहो योद्ध्यांनी अमेरिकेच्या सातव्या घोडदळ पलटणीचा पराभव केला. लेफ्टनंट कर्नल जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर आणि त्याच्या थेट हुकमतीखालील सुमारे २१० जण मारले गेले. त्या तुकडीतला एकही सैनिक शेवटच्या प्रसंगाचे वर्णन करण्यास उरला नाही. ही पोकळी साहित्याने आणि चित्रांनी तत्काळ भरून काढली. वॉल्ट व्हिटमनने जुलै १८७६ मध्येच कस्टरवर शोककविता लिहून वृत्तपत्रात छापली. बफेलो बिलच्या खेळांत कस्टरचा अखेरचा लढा प्रेक्षकांपुढे सादर झाला. १८९६ मध्ये एका बिअर कंपनीने त्याच प्रसंगाचे रंगीत शिळाछाप चित्र काढून देशभरच्या मद्यगृहांत वाटले. टेकडीवर वेढलेले मूठभर वीर, मध्यभागी उभा सेनानी, भोवती घोड्यांवरून घिरट्या घालणारे शत्रू आणि शेवटच्या काडतुसापर्यंत चाललेला लढा, ही प्रतिमा इतकी घट्ट झाली की तिला पुराव्याची गरज उरली नाही.

खरे तर साक्षीदार शेकड्यांनी होते. ते दुसऱ्या बाजूचे होते एवढेच. रेड हॉर्स या लाकोटा योद्ध्याने १८८१ मध्ये या लढाईची चित्रांची मालिकाच काढून दिली होती. वुडन लेग या शायेन योद्ध्याची आठवण १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या आणि इतर अनेक कथनांतून वेगळेच चित्र उभे राहत होते. योद्धे घोड्यांवरून घिरट्या घालत नव्हते. ते बहुतांशी पायी, गवताच्या आणि घळींच्या आडोशाने पुढे सरकत होते, लपून मारा करीत होते, आणि सैनिकांची फळी काही ठिकाणी एकाएकी मोडून पळापळ झाली होती. पण ही कथने दुभाष्यांमार्फत आलेली, परस्परांशी न जुळणारी, काळाचा आणि दिशांचा आपला हिशेब न पाळणारी. शिवाय सांगणारे पराभूत जमातींचे, राखीव प्रदेशांत कोंडलेले. खरे सांगितले तर शिक्षा होईल या धास्तीत वावरणारे. ‘अविश्वसनीय’ हा शिक्का मारून ती बाजूला ठेवणे इतिहासकारांना सोयीचे झाले.

ऑगस्ट १९८३ मध्ये त्या मैदानावर वणवा लागला आणि दाट गवत जळून जमीन उघडी पडली. १९८४ व १९८५ मध्ये डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या रांगा करून, दोन माणसांत सुमारे पाच मीटर अंतर ठेवून, संपूर्ण भूमी धातुशोधक यंत्रांनी पिंजून काढली. यंत्र वाजले की तिथे निशाण रोवायचे, वस्तू जागेवरच उघडी करायची, स्थान, खोली आणि दिशा नोंदवायची आणि मगच ती उचलायची. यंत्र तेच, जे खजिना शोधणारा वापरतो. फरक होता तो या शिस्तीत.

नंतरचे काम गुन्हे-अन्वेषणाच्या प्रयोगशाळेतले होते. बंदुकीची पिन काडतुसाच्या बुडावर आदळते तेव्हा उमटणारी खूण प्रत्येक बंदुकीची निराळी असते. त्या खुणा जुळवून एकाच बंदुकीच्या पुंगळ्या कुठून कुठे गेल्या, म्हणजे ती धरणारा हात मैदानावर कसा फिरला, हे सांगता आले. चाळिसांहून अधिक प्रकारची शस्त्रे या लढाईत वापरली गेल्याचे दिसले. सैनिकांच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनमध्ये प्रत्येक वेळी एकच काडतूस भरता येई. समोर हेन्री आणि विंचेस्टर या लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या बंदुका लक्षणीय संख्येने होत्या. कॅल्हून टेकडीजवळ एका उंचवट्यावर हेन्री बंदुकीच्या पुंगळ्यांचा एवढा दाट पुंजका मिळाला की संशोधकांनी त्या जागेला ‘हेन्रीव्हिल’ असेच नाव दिले. आडोशाने जवळ येऊन केलेला मारा, सुरुवातीला अंतराअंतराने उभी असलेली आणि नंतर विस्कटलेली सैनिकांची फळी, असे ते पुंजके सांगत होते. फॉक्स यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात मांडले की निर्धाराने लढलेला असा ‘अखेरचा लढा’ झालाच नसावा. शंभर वर्षे बाजूला ठेवलेल्या योद्ध्यांच्या कथनांशी हे पुष्कळच जुळत होते.

या कथेचा सांगण्यात येणारा नेहमीचा शेवट असा की विज्ञानाने अखेर मौखिक परंपरेला न्याय दिला. आमचा मतभेद इथेच आहे. साक्षीदार जिवंत होते, बोलत होते, चित्रे काढून दाखवीत होते, तेव्हा त्यांचे ऐकायला कोणते यंत्र आड आले होते? माणसाच्या शब्दाला पितळेच्या तुकड्याने दुजोरा दिल्यावरच तो शब्द ग्राह्य धरायचा, ही न्यायाची रीत नव्हे. ऐकण्यातल्या कुचराईवर घातलेले ते पांघरूण आहे. पुंगळी खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो. पण पुंगळीला काही मागायचेही नसते, म्हणून तर ती आपल्याला इतकी प्रिय असते.

शिवाय धातूची साक्षही निखळ नसते. ज्या टेकडीवर कस्टर पडला तिथे सैनिकी काडतुसांच्या पुंगळ्या थोड्या मिळाल्या, हा फॉक्स यांचा एक आधार. पण लढाईनंतर पिढ्यान्‌पिढ्या हौशी प्रवाशांनी त्याच टेकडीवरून आठवण म्हणून वस्तू उचलून नेल्या होत्या. तिथली शांतता लढाईतली की लुटीनंतरची, हे यंत्र सांगू शकत नाही. डीप रॅव्हिन या घळीत सुमारे २८ सैनिकांची प्रेते होती असे सैनिक आणि योद्धे या दोन्ही बाजूंच्या कथनांत येते. १९८४-८५ च्या शोधात ती सापडली नाहीत. गाळाचे थर खोल होते. म्हणून ती कथने खोटी ठरवायची काय? यंत्र वाजले नाही याचा अर्थ तिथे काही नव्हते असा होत नाही. लाकूड, हाड, कातडे, दगड यांच्यावरून ते मुकाट पुढे सरकते. भीती आणि शोक यांच्यावरूनही.

हे सारे आम्हांला मराठीच्या वर्गात आठवते ते बखरी शिकवताना. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतपूर्व दशकातल्या अस्सल पत्रांचा, आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींतील काळाचे, व्यक्तींचे आणि घटनाक्रमाचे घोटाळे दाखवून दिले. ते काम आवश्यकच होते. परंतु त्यानंतर एक सोयीची वाटणी रूढ झाली. पत्रे इतिहास विभागाकडे गेली आणि ‘भाऊसाहेबांची बखर’ मराठी विभागाकडे. तिकडे पुरावा आणि इकडे शैली. आम्ही बखरीची लय, तिचे फारसी शब्द, तिच्या म्हणी यांवर परीक्षेत प्रश्न घालतो. तिला काय ठाऊक होते हा प्रश्न मात्र विचारीत नाही.

बखरकार आणि लाकोटा योद्धे एका मापाने मोजता येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. बखरकार लेखणीचा धनी होता, दरबाराशी नाते असलेला होता, आणि कित्येकदा प्रसंगाचा साक्षीदारही नव्हता. बखर खरी माना असेही आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की प्रत्येक साधनाला त्याला उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा. तोफा किती होत्या, कोणता दिवस होता, हे पत्राला विचारावे. गोळी कोणत्या दिशेने आली हे मातीला विचारावे. आणि एका समाजाने आपल्या पराभवाचे ओझे कोणत्या शब्दांत वाहिले, दोष कोणावर ठेवला, कोणत्या अफवेला सत्याचे बळ दिले, हे बखरीला विचारावे. यातले एकही उत्तर दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

लिटल बिगहॉर्नच्या त्या भूमीचे नाव पूर्वी कस्टरच्या नावावरून होते. १९९१ च्या कायद्याने ते बदलून लढाईचे नाव दिले गेले. १९९९ पासून तिथे पडलेल्या योद्ध्यांसाठी लाल ग्रॅनाइटचे दगड उभे राहू लागले. सैनिकांसाठी पांढरे संगमरवरी दगड १८९० मध्येच लागले होते. मधल्या शंभराहून अधिक वर्षांचे अंतर कोणत्याही यंत्राने मोजलेले नाही.

असीरगडच्या शेतांतून कोणी काही नेले असेल तर तो एखादा नाण्याचा तुकडा असेल. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे आणि अशी वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पण कायद्याने वस्तू परत येते, तिची जागा येत नाही. तो खड्डा बुजल्यावर तिथले वाक्य कायमचे अपुरे राहील. पुस्तकाच्या पानावर खणणाऱ्या आम्हां वाचकांना पोलीस अडवणार नाहीत. म्हणून उचलण्यापूर्वी निशाण रोवण्याची शिस्त आमची आम्हीच लावून घ्यायला हवी, आणि बोलणारा माणूस समोर असेल तर यंत्र बाजूला ठेवून आधी त्याचे ऐकायला हवे.