नक्षी आपली, माल दुसऱ्याचा

आपण व्यापारी दुकानाला कुलूप लावतो, गोदामाचा विमा उतरवतो, उधारीची वही जपतो. पण नवी नक्षी मात्र बाजारात उघडी टाकतो. याची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या कारीगराने साडीच्या काठाची सुरेख नक्षी काढली. कौतुकाने मी ती चार व्यापाऱ्यांना दाखविली. दोन महिन्यांत तीच नक्षी यंत्रमागाच्या स्वस्त मालावर आली. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नोंदणी केली होती का?" मी गप्प बसलो.

तेव्हा कळले ते असे. नक्षीला संरक्षण देतो तो २००० चा डिझाइन कायदा. पण नोंदणी केली तरच. मुदत १० वर्षे, पुढे आणखी ५. नक्षी नवीन हवी आणि अर्जापूर्वी ती बाजारात गेलेली नसावी. अनेकांना वाटते, चित्र माझे म्हणजे कॉपीराइट माझा. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १५ सांगते की, नोंदणीयोग्य नक्षी न नोंदता तिचे पन्नासाहून अधिक नग कारखानी पद्धतीने काढले, की तो हक्क संपतो. पन्नास साड्या तर एका सणात खपतात!

मालाच्या मार्क्यासाठी १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे. नोंदणी १० वर्षांची, पुढे दर १० वर्षांनी वाढविता येते. लहान व्यापाऱ्याला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडते. कापडाचा वर्ग २४, तयार कपड्यांचा २५. नोंदणी नसली तरी जुन्या नावासाठी कोर्टात दाद मागता येते. पण पुरावे गोळा करतानाच माणूस थकतो.

आपणही आपल्या दुकानाकडे पाहावे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, विदर्भाच्या करवत काठीलाही मिळाले आहे. छापील साडीवर ही नावे लावणे म्हणजे विणकराच्या हक्कावर हात टाकणे, आणि तो कायद्याने गुन्हा आहे.

आणखी एक. पैसे देऊन दुसऱ्याकडून काढून घेतलेल्या नक्षीचा मालक, वेगळा करार नसेल तर, कायद्याने पैसे देणारा ठरतो. म्हणून कारीगराचा वाटा आधीच लेखी ठरवावा. मेहनत त्याची, नफा फक्त आपला, हा व्यवहार बरा नाही.

बौद्धिक संपदेचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे. मोमिनपुऱ्यापासून ती फार दूर नाही. बांधवांनो, पुढचा नमुना कोणाला दाखविण्याआधी अर्ज करा. आधी नोंद, मग बाजार.