विमान रद्द झालं तर भरपाई किती? नियम आहे, पण अकोल्याहून नागपूरला गेलेल्या गाडीभाड्याचं काय!

अमरावती/अकोला : डिसेंबरमध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली, तेव्हा टीव्हीवर दिल्ली-मुंबईची गर्दी दिसत होती. नागपूरहूनही उड्डाणं रद्द झाली आणि वऱ्हाडातला प्रवासी बहुतेक नागपूरवरच अवलंबून आहे. ३ ते ५ डिसेंबर २०२५ या तीन दिवसांत देशभरात अडीच हजारांवर उड्डाणं रद्द झाली, तीन लाखांवर लोक अडकले. जानेवारीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, कंपनीला २२ कोटी २० लाखांचा दंड ठोकला. दंडाचा पैसा प्रवाशाच्या खात्यात येत नाही. प्रवाशाचा हक्क वेगळ्या नियमात आहे, आणि तो नियम आपल्याकडं फार थोड्यांना माहीत आहे.

विमानाचं तिकीट आता पुढाऱ्यांपुरतं राहिलं नाही. बंगळुरूला नोकरीवर असलेलं पोरगं दिवाळीला येते, कोणी मुंबईला मोठ्या दवाखान्यात पेशंट नेते, कोणी दुबईला कामाला जाते. १६ एप्रिल २०२५ ला बेलोरा विमानतळ सुरू झाला आणि अलायन्स एअरचं मुंबई-अमरावती विमान आठवड्यातून तीन दिवस उडू लागलं. अकोल्याचं शिवणी विमानतळ जुनं, पण धावपट्टी लांबवायचं काम कृषी विद्यापीठाच्या जमिनीपासून सुरू होऊन वर्षानुवर्षे रेंगाळलेलं. त्यामुळं अकोट, तेल्हारा, बाळापूरच्या माणसाला विमान पकडायचं तर आधी बेलोरा नाहीतर नागपूर गाठावं लागते.

आता नियम. कंपनीनं विमान रद्द केलं आणि किमान २४ तास आधी तुम्हाला कळवलं, तर तुम्हाला चालेल असं दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यापैकी एक. २४ तासांच्या आत कळवलं किंवा कळवलंच नाही, तर एकतर दुसरं विमान घ्या, नाहीतर पूर्ण परतावा आणि वरून भरपाई. प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर ५ हजार, दोन तासांपर्यंत साडेसात हजार, त्याहून जास्त असेल तर १० हजार रुपये. बातम्यांमध्ये एवढंच छापून येते. पुढची ओळ कोणी छापत नाही : ही रक्कम किंवा तिकिटाचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते.

इथंच आपल्या माणसाचा हिशेब बिघडते. बेलोरा ते मुंबई पावणेदोन तासांचा प्रवास, म्हणजे साडेसात हजारांचा गट. पण उडान योजनेतल्या स्वस्त तिकिटाचं मूळ भाडं समजा अडीच हजार असलं, तर भरपाई अडीच हजारच. तिकीट जेवढं स्वस्त तेवढी भरपाई कमी, आणि अकोल्याहून नागपूरला अडीचशे किलोमीटर केलेल्या गाडीचं भाडं त्यात कुठंच बसत नाही.

‘दुसरं विमान’ हा हक्कही शहराचा विचार करून लिहिलेला दिसते. मुंबई-दिल्ली मार्गावर पुढचं विमान तासाभरात असते. आठवड्यातून तीन दिवस विमान असलेल्या गावात पुढचं विमान म्हणजे दोन-तीन दिवसांनी. तोवर मुंबईतली तारीख निघून जाते. म्हणून बेलोऱ्यावर विमान रद्द झालं तर बहुतेकांसाठी परतावा आणि भरपाई घेऊन रात्रीची अमरावती-मुंबई रेल्वे गाठणं हाच शहाणपणा. परतावा पैशातच मागा. कंपनी ‘क्रेडिट’ देऊ करते, पण ते घ्यायचं की नाही हे प्रवाशानं ठरवायचं असते, कंपनीनं नाही.

विमान रद्द न होता नुसता उशीर झाला तर रोख भरपाई नाही. रेल्वे तीन तासांच्या वर लेट असली तर प्रवास न करता टीडीआर भरून पूर्ण पैसे मिळतात, हे आपल्याला माहीत आहे. विमानात त्यासाठी सहा तासांची अट आहे : त्याहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की चहा-नाश्ता, जेवण कंपनीनं द्यायचं. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लेट असेल, तर हॉटेल आणि तिथवर न्यायची सोय. काउंटरवर मागितल्याशिवाय हे सहसा समोर येत नाही.

धुकं, पूर, संप, सुरक्षेचा धोका अशा कारणांनी विमान थांबलं तर भरपाई नाही. सरकारी आदेशही या यादीत आहे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम हे कारण इंडिगोच्या गोंधळामागं होतं. पण ते नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते, दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. पेरणीला पावणेदोन वर्षं मिळूनही बियाणं आणलं नाही, तर दोष पावसाला देता येत नाही. शेवटी कंपनीनं नियमाप्रमाणं ५ ते १० हजार आणि जास्त हाल झालेल्यांना वेगळं १० हजारांचं व्हाउचर जाहीर केलं. ही दोन वेगळी आहेत. व्हाउचर मिळालं म्हणून भरपाईचा हक्क संपत नाही.

आता आपल्या भागातला खरा घोळ. तिकीट बहुतेक जण गावातल्या ऑनलाइन सेंटरवाल्याकडून काढतात आणि तो स्वतःचाच मोबाइल नंबर टाकते. विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जाते, आपण निघतो नागपूरला. नियम सांगते की प्रवाशानं संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई नाही. म्हणजे वीस रुपयांच्या आळसापायी हजारो रुपये गेले. दुसरं, अमरावती-मुंबई एका तिकिटावर आणि मुंबई-दुबई वेगळ्या तिकिटावर काढलं, आणि पहिलं विमान रद्द झाल्यानं दुसरं हुकलं, तर त्या हुकलेल्या विमानाची जबाबदारी या नियमात येत नाही. दोन्ही एकाच तिकीट क्रमांकावर असावे लागतात.

गाडीभाडं, लॉज, बुडालेली तारीख याचं काय? त्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की दिल्लीला, तक्रारदार जिथं राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे दर्यापूर-धारणीच्या माणसासाठी अमरावती, मूर्तिजापूरच्या माणसासाठी अकोला. तिकिटाची किंमत ५ लाखांच्या आत असल्यावर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं रेल्वेच्या एका प्रकरणात, गाडी चार तास लेट झाल्यानं जम्मूहून श्रीनगरचं विमान हुकलेल्या प्रवाशाला टॅक्सीचा आणि बुकिंगचा खर्च द्यायचा आदेश कायम ठेवला. उशिराचं कारण रेल्वेला पटवून देता आलं नाही, म्हणून. २०११ मध्ये त्याच कोर्टानं धुक्यात अडकलेल्या इंडिगोच्या विमानाबाबत उलट सांगितलं होतं : धुक्याची भरपाई नाही, पण अशा वेळी प्रवाशाच्या खाण्यापिण्याकडं बघणं कंपनीचं कामच. वाद दिल्लीच्याच कोर्टात चालेल ही तिकिटावरची अटही त्या प्रकरणात टिकली नाही.

तेव्हा गाडीवाल्याची पावती, टोलची, लॉजची पावती, कंपनीचा मेसेज आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. विमानतळावरच्या बोर्डाचा मोबाइलवर फोटो काढा, त्यात वेळ दिसते. आधी कंपनीला लेखी तक्रार, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर, आणि तरी नाही झालं तर आयोगात. ऑनलाइन तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते. पीकविम्यात नुकसान कळवायला ७२ तास मिळतात, इथं दोन वर्षं आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये अडकलेल्यांची मुदत डिसेंबर २०२७ पर्यंत आहे.