कोच जाणारच आहे, क्लबचं काय?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की सगळीकडे एकच विषय. यंदा कोण कुठल्या तालमीकडून? पाटाकडीलनं कुणाला घेतलं, खंडोबाचा कोण शिवाजीकडं चालला, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस यंदा परदेशी खेळाडू आणणार का. पन्हाळ्याच्या चहाच्या टपरीवर तेच आणि वारणानगरच्या कॉलेज कट्ट्यावरही तेच. नोंदणी झाली की संघांच्या याद्या मोबाइलवरून फिरायला लागतात. एकेका नावावर वाद घालताना तुमचा चहा थंड होतो. पण त्या वादात एक नाव सहसा नसतं. कोचचं.

हा विषय आज काढायचं कारण असं, की तुमच्यापैकी बरेच जण आता नुसते प्रेक्षक राहिलेले नाहीत. पन्हाळा, कोडोली, कळे, बाजारभोगाव, कुठंही बघा, चार पोरं एकत्र येतात, वर्गणी काढून जर्सी शिवतात आणि संघ उभा करतात. एखादा माजी खेळाडू नोकरी सांभाळून संध्याकाळी येतो, शिकवतो. दोन-तीन वर्षांत संघ गावाबाहेर जाऊन जिंकायला लागतो. मग मंडळात कुणीतरी म्हणतं, आता मोठं व्हायचं. आणि मोठं व्हायचं म्हणजे काय, तर दोन महागडे खेळाडू आणायचे. ज्या माणसानं संघ घडवला त्याचं काय करायचं, हा प्रश्न तो दुसरीकडं निघून गेल्यावरच पडतो.

यावर आपल्याच राज्यातला एक किस्सा पुरेसा बोलका आहे. खालिद जमील हे नाव आज सगळ्यांना माहीत आहे, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तब्बल १३ वर्षांनी त्या खुर्चीवर भारतीय माणूस बसला. पण २००९ मध्ये जमील अवघे ३२ वर्षांचे होते, आणि त्यांच्या हातात होता मुंबई एफसी. आय-लीगमधला हा एक लहान क्लब. पैसा मोजका, नावाजलेले खेळाडू नाहीत, घरचं मैदानही धड एक नाही. काही हंगाम तर 'घरचे' सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. तरी सात हंगाम जमील यांनी हा संघ वरच्या लीगमध्ये टिकवून ठेवला. खेळ देखणा होता असं नाही. बचाव घट्ट ठेवायचा, एक-एक गुण वेचायचा. बघणाऱ्याला कंटाळा यायचा, हे खरं. पण लहान संघाला टिकून राहणं हेच आधी जमावं लागतं.

२०१६ मध्ये क्लब आणि जमील यांची फारकत झाली. नवा प्रशिक्षक आला, आणि हंगाम संपायच्या आत तोही बदलला. इकडं जमील गेले मिझोरामला, ऐझॉल एफसीकडं. या क्लबची अवस्था तर अजून बिकट. आदल्याच हंगामात तो आय-लीगमधून खाली गेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून त्याला परत प्रवेश मिळाला. जमील यांनी सोबत मुंबईतले जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे ओळखीचे खेळाडू घेतले आणि मिझो पोरांत मिसळून टाकले.

पुढं काय झालं ते आकड्यांतच वाचा. एप्रिल २०१७ मध्ये १८ सामन्यांत ३७ गुण मिळवून ऐझॉल देशाचा विजेता झाला, मोहन बागानपेक्षा फक्त एक गुण जास्त. ईशान्य भारतातल्या क्लबनं राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. आणि त्याच हंगामात, त्याच तक्त्याच्या तळाला कोण होतं? मुंबई एफसी. संघ खाली गेला आणि त्यानंतर क्लबनं गाशाच गुंडाळला. एक माणूस इथून तिथं गेला, एवढ्यानंच सगळं घडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तरी हा योगायोग नजरेआड करवत नाही.

आता किश्शाचा दुसरा भाग, जो सांगताना लोक विसरतात. विजेतेपदानंतर जमील ऐझॉलमध्येही राहिले नाहीत. ईस्ट बंगालनं त्यांना नेलं, आणि सव्वा कोटीच्या आसपासचा आकडा तेव्हा बातम्यांत होता. चांगले खेळाडूही एकेक करून गेले. कुणी जमील यांच्यामागं कोलकात्याला, कुणी आयएसएलमध्ये. पुढच्या जानेवारीत आशियाई चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी खेळायला ऐझॉल इराणच्या झोब आहानसमोर उभा राहिला, तेव्हा तो दुसराच संघ होता.

मग जमील गद्दार का? पेठेत बसून असं म्हणणं सोपं आहे. आपल्याकडं खेळाडूनं तालीम बदलली तरी चार दिवस तोंड फिरवतात. पण विचार करा. कोचचं करिअर एका वाईट हंगामावर उभं असतं. सात वर्षं टिकवलं त्याची आठवण कुणी ठेवत नाही, सलग पाच सामने हरले की लगेच पर्याय शोधतात. ज्याला क्लब असा कधीही काढू शकतो, त्यानं मात्र क्लबला कधी सोडू नये, ही अपेक्षा एकतर्फी नाही का?

म्हणून आमचं म्हणणं असं, की लहान क्लबनं कोचला निष्ठेच्या शपथा घालू नयेत. पैशाच्या शर्यतीतही उतरू नये, कारण ती शर्यत आपण हरणारच. मोठा क्लब जे देऊ शकत नाही ते द्यावं. ते म्हणजे वेळ आणि शब्दाला किंमत. कुणाला खेळवायचं हे कोचनं ठरवायचं, पदाधिकाऱ्याच्या भाच्यानं नाही. संघ सलग हरत असतानाही हे पाळलं, तरच त्याला अर्थ. इंग्लंडमध्ये इप्सविच टाउननं हे करून दाखवलं. किरन मॅकेना यांनी हा क्लब तिसऱ्या श्रेणीतून लागोपाठ दोन वर्षांत प्रीमियर लीगमध्ये नेला. २०२४ मध्ये मोठे क्लब त्यांच्या मागं लागले, तेव्हा इप्सविचनं त्यांच्याशी २०२८ पर्यंतचा करार केला. पुढच्या हंगामात संघ फक्त २२ गुण मिळवून पुन्हा खाली गेला. तरी मॅकेना यांना नारळ दिला नाही.

आणि तरीही कोच जाणार, हे धरूनच चालायचं. इथं ब्रायटनकडून शिकण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये, हंगाम सुरू झालेला असताना, चेल्सीनं त्यांचा ग्रॅहम पॉटर पळवला, सहकाऱ्यांसकट. ब्रायटननं रडारड केली नाही. करार पक्का असल्यानं भरपाईपोटी सुमारे दोन कोटी पौंड घेतले, लगेच रॉबेर्तो डी झर्बी यांना आणलं आणि त्याच हंगामात सहावा नंबर मिळवून क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा युरोपची स्पर्धा गाठली. २०२४ मध्ये डी झर्बीही गेले, तर ३१ वर्षांच्या फाबियान ह्युर्त्सेलर यांच्याकडं संघ सोपवला. आपल्या संघाला कसा खेळ हवा हे क्लबला आधीच माहीत असतं. तसा खेळ शिकवणारा माणूस कुठं आहे, याचा शोध कोच टिकून असतानाही चालू असतो.

तुम्ही म्हणाल, कुठं ब्रायटन आणि कुठं आमची वर्गणीची जर्सी. बरोबर आहे. कोटींचं सोडून द्या. पण सरावाची वही ठेवायला किती पैसे लागतात? कुठल्या दिवशी काय करून घेतलं, कुणाचा गुडघा कधी दुखावला, चौदा वर्षांखालच्या पोरांत कोण पुढं येतोय, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असतं आणि तो बदली होऊन सांगलीला गेला की तेही सांगलीला जातं. करारही साधाच असू दे. एक पानभर, दोन हंगामांचा, मानधन किती, संघनिवड कुणाची, सोडायचं असेल तर किती आधी सांगायचं. आपल्याकडं सगळं तोंडी चालतं. 'घरचाच माणूस आहे, कागद कशाला?' असं म्हणतात आणि भांडण झालं की त्याच घरच्या माणसाला दार दाखवतात.

दुसरी गोष्ट थेट तुमच्यासाठी. अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून इथल्या प्रत्येक पोराला अनिकेत व्हायचंय. छान आहे. पण प्रत्येक संघात असा एक जण असतोच, ज्याचा वेग कमी पडतो, पण मैदानावर कोण कुठं उभं राहायला पाहिजे हे त्याला सगळ्यांच्या आधी दिसतं. तो बाकावर बसून ओरडत असतो आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. त्याला कोचचा मदतनीस करा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षणाचे परवाने खालच्या पायरीपासून सुरू होतात, डी, सी, बी, ए आणि वर प्रो. त्यातल्या पहिल्या पायरीची फी मंडळानं भरावी. दोन महागड्या खेळाडूंपैकी एक यंदा कमी आणला, तर ती सहज निघेल.

आता पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं उतरेल, मैदानांचा चिखल होईल, सराव थांबेल आणि मंडळांच्या बैठका सुरू होतील. नवे खेळाडू कोण, स्पॉन्सर कोण, जर्सीचा रंग कुठला यावर रात्री बारापर्यंत खल चालेल. त्या बैठकीत तुम्ही मागच्या रांगेत बसलेले असणार. हात वर करा आणि दोनच गोष्टी विचारा. सरांचा करार झालाय का? आणि सर उद्या गेले, तर परवा सकाळी सराव कोण घेणार?