पीडी सरांचं काम मैदानावर संपत नाही

‘प्रशिक्षकानं खेळ शिकवावा, अभ्यासाचं प्राध्यापक बघून घेतील.’ हे वाक्य आपल्याकडच्या महाविद्यालयांत इतकं रुळलं आहे की त्याला कुणी हरकतही घेत नाही. मला हरकत घ्यायची आहे. तामसी, भीमपूर, जैनथ, बेला या तेलंगणा-महाराष्ट्र सीमेवरच्या मंडलांतून जी मुलंमुली आदिलाबादला डिग्रीसाठी येतात, त्यांच्यातल्या खेळाडूंचं शिक्षण तगणार की मोडणार, हे ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा प्रशिक्षकाचा असतो. हा वाटा आपण मान्य करत नाही, म्हणून त्यांतल्या कित्येकांची पदवी अर्ध्यावर राहते.

तामसीच्या एखाद्या मुलाचं घ्या. घरात मराठी. शाळाही बहुधा मराठी माध्यमाची. इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेला की सगळं एकदम तेलुगू, नाही तर इंग्रजी. व्याख्याते चांगले असतात, पण त्यांचं बोलणं पुरतं उमगत नाही, विचारायची लाज वाटते, मग मागचा बाक बरा वाटतो. तोच मुलगा संध्याकाळी इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियमवर कबड्डीच्या रेषेवर उभा राहिला की ओळखू येत नाही. पीडी सर, म्हणजे कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर, तेलुगूत ओरडले तरी त्याला कळतं, त्यानं मराठीत उत्तर दिलं तरी सरांना कळतं. अख्ख्या कॉलेजात तो तोंड उघडून बोलतो ती जागा ही, आणि बोलतो तो याच माणसाशी. वर्गातल्या सरांना कदाचित त्याचं नावही ठाऊक नसतं. पीडी सरांना यंदा त्याच्या घरी कापूस किती झाला तेही माहीत असतं.

दुसरी गोष्ट कागदांची. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची प्रवेशिका भरायची तर दहावीचा मेमो (गुणपत्रक) लागतो, बोनाफाइड लागतं, प्राचार्यांची सही लागते. हा सगळा गठ्ठा पीडी सरांच्या टेबलावर येतो. कोण कुठल्या सेमिस्टरला अडकलाय, कुणाचे बॅकलॉग किती साठलेत, परीक्षा फीची तारीख जवळ आली तरी कुणी पैसे भरलेले नाहीत, हे विचारून घेण्याची पहिली संधी त्यांना मिळते. प्राध्यापकाला स्वतःच्या विषयापुरतं दिसतं, कार्यालयाला हॉलतिकिटापुरतं. मुलगा पुरा दिसतो तो इथं. एवढं हाती असताना ‘अभ्यास माझ्याकडे नाही’ असं म्हणणं मला पटत नाही.

आणि वेळापत्रक पाहा. काकतीय विद्यापीठाच्या स्पर्धा, सेमिस्टरच्या परीक्षा आणि कापसाची वेचणी हे तिन्ही ऑक्टोबरपासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत एकमेकांवर येऊन पडतात. संघ वरंगलला गेला की चार-पाच दिवस सहज मोडतात. परत आल्यावर बाप म्हणतो, आठ दिवस रानात ये, मजूर मिळत नाही. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली की फी परताव्याची शिष्यवृत्ती धोक्यात येते, आणि शिष्यवृत्ती गेली की पुढच्या वर्षी मुलगा दिसत नाही. खेळायला गेलेल्या दिवसांची ‘ऑन ड्यूटी’ हजेरी मिळवता येते, पण तिच्यासाठी वेळेवर पत्र द्यावं लागतं. ते द्यायचं कुणी? प्रशिक्षकानंच. ते पत्र राहून गेल्यामुळं एखाद्या मुलाचं वर्ष वाया गेलं, तर ती चूक मैदानावरची की वर्गातली?

आता समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार माणूस. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुल्लेला गोपीचंद यांनी जाहीरपणे सांगितलं की घरची श्रीमंती नसेल तर मुलांना खेळात घालू नका. बोलणारा माणूस बॅडमिंटनमधला २००१ सालचा ऑल इंग्लंड विजेता आहे, सायना आणि सिंधू यांना घडवणारा आहे. त्यामुळं त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. शिखरावर पोचतात ते मूठभर, उरलेल्यांना पस्तिशीत ना पदक ना पदवी, ही त्यांची व्यथा शंभर टक्के खरी आहे. तामसीत तर ती उघड्या डोळ्यांनी दिसते. पंचक्रोशीत कबड्डीची मैदानं गाजवलेले गडी आज दुसऱ्याच्या रानात मजुरी करतात.

निदान मान्य, पण इलाज मान्य नाही. गरिबानं खेळूच नये, असं ठरलं तर या सीमेवरच्या मुलाला कॉलेजात बांधून ठेवणारी जी एकच दोरी आहे, तीच आपण कापतो. खुद्द गोपीचंद हैदराबादच्या ए.व्ही. कॉलेजचे पदवीधर, आणि १९९० व १९९१ साली भारतीय संयुक्त विद्यापीठ संघाचे कर्णधार. त्यांच्या हाताखालच्या सिंधूनं दोन ऑलिंपिक पदकांच्या वाटेवर सेंट अॅन्स कॉलेजातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली, पुढं एमबीए केलं. आपल्या शेजारच्या निजामाबादची बॉक्सर निखत झरीन दोनदा जगज्जेती झाली. तिचंही नाव त्याच ए.व्ही. कॉलेजच्या पटावर होतं. म्हणजे खेळ आणि पदवी एका आयुष्यात मावतात हे याच राज्यात दिसलेलं आहे. फरक एवढाच की त्यांच्याभोवती हे दोन्ही जमवून देणारी माणसं होती. तामसीच्या मुलाभोवती असा एकच माणूस असू शकतो. गोपीचंद यांचा इशारा मी पालकांना दिलेला मानत नाही. तो प्रशिक्षकांना आणि प्राचार्यांना दिलेला आहे.

या बाबतीत मराठी माणसाजवळ फार जुना दाखला आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे जमेनात, तेव्हा प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो आणि तिथंच थांबतो. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. खर्डेकर शिक्षणाच्या बाजूचे, कुस्ती ही आखाड्याची बाब. ‘हे माझं काम नाही’ म्हणायची त्यांना पुरी मुभा होती. त्यांनी तसं म्हटलं नाही. प्राचार्य मैदानापर्यंत येऊ शकतो, तर प्रशिक्षकानं वर्गापर्यंत का जाऊ नये?

अलीकडचं उदाहरण धाराशिवचं. खो-खोपटू सारिका काळे हिच्या घरची परिस्थिती इतकी बिकट होती की तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत काढली आणि ती मैदानावर परतली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्णपदक जिंकलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती तालुका क्रीडा अधिकारी झाली. घरातून ‘पुरे’ असा शब्द आला की त्यापुढं टिकणारा शब्द बहुतेक वेळा प्रशिक्षकाचाच असतो. तोच शब्द परीक्षेच्या बाबतीतही खर्ची पडला पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर फारच. तेलंगणात महालक्ष्मी योजनेमुळं डिसेंबर २०२३ पासून गावोगावच्या पल्लेवेलुगू बसचं तिकीट मुलींना लागत नाही, पण सरावानंतर अंधार पडल्यावर पोरगी घरी कशी येणार, हा आईचा प्रश्न योजनेनं सुटलेला नाही. तो सरावाची वेळ बदलून सुटतो, आणि वेळ ठरवतात पीडी सर.

‘खेळाचं सर्टिफिकेट आहे, कोटा आहे, नोकरी लागेल,’ असं म्हणणारेही पुष्कळ भेटतात. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तेलंगणात दोन टक्के. पण कोट्यातून अर्ज भरायलाही शैक्षणिक अर्हता लागतेच. पदवी मागणाऱ्या पदासाठी नुसतं पदक चालत नाही. शिवाय प्रमाणपत्रालाच सर्वस्व मानण्याचा शेवट काय होतो, ते महाराष्ट्रात नोकरीसाठी काढलेल्या ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांनी दाखवून दिलं आहे. मुलाला कोट्याचं स्वप्न दाखवून त्याचे बॅकलॉग साठू देणारा प्रशिक्षक त्याची फसवणूक करतो, मग हेतू कितीही चांगला असो.

एक आक्षेप मात्र खरोखर गंभीर आहे. प्रशिक्षकाला अभ्यासात हात घालू दिला तर तो गुणांतच हात घालेल, ही भीती खोटी नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ या काळात नावापुरते अभ्यासक्रम चालवले गेले. तासच होत नसत, एक निबंध दिला की भरघोस गुण. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. तिथं सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर होती, खेळाडू पात्र राहिला पाहिजे. तो शिकला का, हे कुणी विचारलं नाही. म्हणून माझंही म्हणणं असं की उत्तरपत्रिका आणि गुणपत्रक यांच्या जवळपास प्रशिक्षकानं फिरकू नये. त्यानं मुलाचा वेळ सांभाळावा, हजेरी सांभाळावी, परीक्षेची तारीख डोक्यात ठेवावी. त्याच देशात दुसरीही गोष्ट घडली. कनेटिकट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ २०११ चा राष्ट्रीय विजेता. खेळाडूंची शैक्षणिक प्रगती कमी भरली म्हणून त्याच संघाला २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरू दिलं नाही. अभ्यासाची घडी बसली आणि २०१४ साली तो संघ पुन्हा विजेता झाला. अभ्यासामुळं खेळ बुडतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पीडी सरांची बाजूही मांडली पाहिजे. एका माणसाकडे सगळे खेळ, वर कार्यालयाची कामं, कुठं नेमणूकच कंत्राटी. त्याला फक्त जबाबदारी द्यायची आणि अधिकार द्यायचा नाही, हा अन्याय होईल. त्यानं ‘ऑन ड्यूटी’चं पत्र दिलं की विभागानं ते मानलं पाहिजे. स्पर्धेमुळं बुडालेली इंटर्नल परीक्षा पुन्हा घेतली पाहिजे. सेमिस्टरच्या निकालाची एक प्रत त्याच्या टेबलावर आपोआप आली पाहिजे. यातल्या एकाही गोष्टीला नवा पैसा लागत नाही, प्राचार्यांची एक सही पुरते.

येत्या हंगामात संघाची यादी फलकावर लावण्याआधी प्रत्येक पीडी सरांनी प्रत्येक खेळाडूचे बॅकलॉग विचारावेत आणि परीक्षा फी भरल्याची पावती बघावी. आणि तामसीच्या आईबापांना माझी विनंती आहे: आठवडी बाजारासाठी आदिलाबादला याल तेव्हा कॉलेजात डोकावा, पीडी सरांना भेटा. पोरगा कसा खेळतो हे ते आपणहून सांगतील. तो किती तासांना बसतो, हे तुम्ही विचारा.