आधी जुन्या वसाहतींत चार्जर द्या

अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी मिळाली. निर्णय स्वागतार्हच, पण नवी मुंबईत कोपरखैरणे किंवा नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या वसाहतीतल्या रहिवाशाने गाडी चार्ज कुठे करायची? राज्याच्या २०२५च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाचा भर नव्या इमारतींत चार्जिंगची सोय करण्यावर आहे. जुन्या इमारतींपैकी अनेकांना पुरेसे आवार नाही. गाड्या रस्त्याकडेला उभ्या राहतात, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली वायर सोडणे जिवावर बेतू शकते. या कुटुंबांना महापालिकेच्या वाहनतळांचाच आधार आहे.

तिथे सरसकट महागडे जलद चार्जर नकोत. ७.४ किलोवॉटचा साधा चार्जर तीस युनिटची बॅटरी चार-पाच तासांत भरतो, आणि गाडी तर रात्रभर उभीच असते. दुचाकींना साधे सॉकेटही पुरते. वाशी-बेलापूरच्या व्यापारी भागात जलद चार्जर जरूर लावावेत, पण सुरुवात निवासी विभागांतून व्हावी. रात्री चार्जिंग करणाऱ्याकडून पार्किंगचे वेगळे शुल्क घेऊ नये. बंद चार्जर मुदतीत दुरुस्त न करणाऱ्या ठेकेदाराला दंड हवा. चार्जरसमोर पेट्रोलची गाडी लावून जाणाऱ्यालाही.