सातबाऱ्यावर नाव नसलेला शेतकरी

हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडेल, तेव्हा मराठवाड्यातल्या असंख्य घरांत सोयाबीनचा पैसा आलेला नसेल. दिवाळीचा बाजार, पोरांचे कपडे, दुकानदाराची उधारी हे सगळे तिथे त्याच पैशावर ठरते. २०२५ च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा पात्र सोडून शिवारात शिरल्या. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात राहिले, शेंगांतच कोंब फुटले. जायकवाडीच्या विसर्गाने गोदाकाठचीही तीच गत झाली.

७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. मदत तातडीने जाहीर झाली, हे चांगलेच झाले. शेतकरी मात्र हिशेब एकराचा करतो. कोरडवाहू पिकाला हेक्टरी १८,५०० रुपये, त्यातले ८,५०० आपत्ती निधीच्या निकषाप्रमाणे आणि १०,००० रब्बीच्या बियाण्या-खतासाठी. एकरी पडतात ७,४००. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे दीड क्विंटलाचेही मोल होत नाही.

पीक गेले तर पुढच्या हंगामाची आशा तरी असते. नदीकाठी अनेक ठिकाणी रानच वाहून गेले. काळी माती खरडून खालचा मुरूम उघडा पडला, विहिरी गाळाने भरल्या, बांध कुठे होता तेही कळेना. अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि ३ लाखांपर्यंतची कामे रोजगार हमीतून, असे जाहीर झाले आहे. रोजगार हमीचा मूळ हेतू मजुरांच्या हाताला काम देणे हा. खरडलेल्या रानात मात्र बाहेरून माती आणून टाकायची, तर जेसीबी आणि ट्रॅक्टर लागतात. या दोहोंचा मेळ कसा बसणार, हे गावोगावच्या शेतकऱ्याला आजच स्पष्ट सांगायला हवे.

दराइतकाच गंभीर प्रश्न आहे तो पैसा कोणाला मिळणार याचा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक चिखल तुडवत पंचनामे करतात; तेहतीस टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान भरले की नाव यादीत जाते. हे नाव असते सातबाऱ्यावरचे. बटईने किंवा ठोक्याने रान करणाऱ्याने बियाणे उसनवारीवर आणलेले असते, फवारणी त्याने केलेली असते, पूर आला त्या रात्री मोटार काढायला तोच पाण्यात उतरलेला असतो. अनुदान जमा होते ते मालकाच्या खात्यावर, आणि मालक कित्येकदा पुण्या-मुंबईला असतो. नवरा गेल्यावर वारसाचा फेरफार रखडलेल्या बाईचीही हीच अडचण. सामाईक खाते असेल तर भावाभावांची संमतीपत्रे जमवता जमवता पेरणीची वेळ निघून जाते. त्यात २०२५ मध्ये एक रुपयातला पीकविमा बंद झाला आणि स्थानिक आपत्तीत वैयक्तिक भरपाईची तरतूदही गेली. आता भरपाई ठरणार ती महसूल मंडळातल्या पीककापणी प्रयोगांवर.

बटईचे करार तोंडी राहतात, कारण कागद केला तर कूळ लागेल ही भीती मालकाच्या मनात पक्की बसली आहे. ही भीती दूर करण्याची वाट आंध्र प्रदेशाने दाखवली. तिथल्या २०१९ च्या कायद्याने कसणाऱ्याला अकरा महिन्यांचे कार्ड मिळते. जमिनीच्या मालकीवर त्या कार्डाने कोणताही हक्क सांगता येत नाही, पण पीककर्ज, विमा आणि आपत्तीतली मदत यांसाठी ते चालते. त्यालाही मालकाची संमती लागतेच, त्यामुळे सगळे कसणारे त्यात आलेले नाहीत. तरी दार उघडले आहे. महाराष्ट्राने असा कायदा करावा. तोवर निदान पंचनाम्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याचा रकाना घालावा आणि यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. कोण कोणाचे रान करतो, हे गावाला ठाऊक असतेच.

हरभऱ्याची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत साधते. रब्बीसाठीचे ते १०,००० रुपये त्याआधी, आणि ज्याच्या हाती तिफण आहे त्याच्याच खात्यावर पडायला हवेत.