शब्दकोश आधी, तार मागाहून

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, बडोद्यात ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला, आणि राज्यकारभारातील एकेका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली पर्याय एका ओळीत मांडले गेले. दवाखान्यांची माहिती एकमेकांस जोडणारे सॉफ्टवेअर बसवावयास येणाऱ्या मंडळींना मी प्रथम तो ग्रंथ दाखवीन, कारण दोन संगणकांमध्ये तार जोडली की काम फत्ते झाले, अशी त्यांच्यातील बहुतेकांची प्रामाणिक समजूत असते; दोन्हीकडच्या शब्दांचा अर्थ आधी जुळवावा लागतो, हे ध्यानी येत नाही.

गेल्या पावसाळ्यात येथीलच एका इस्पितळात माझ्या आत्याच्या रक्तशर्करेचा आकडा वॉर्डातील पडद्यावर ७.२ असा उमटला, परिचारिका ग्लुकोजची बाटली घेऊन धावत आली, आणि आत्या मात्र बशीतल्या चहावर शांतपणे फुंकर घालीत होती. यंत्राने मोजले होते मिलिमोल प्रतिलिटरमध्ये, वाचणाऱ्यांस सवय मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरची; अठराने गुणले असते तर तोच आकडा साधारण १३० झाला असता. इस्पितळांतील संगणक एकमेकांस माहिती धाडतात त्या ‘एचएल७’ नामक ठरीव साच्याच्या संदेशात, तपासणीचा निकाल सांगणाऱ्या ‘ओबीएक्स’ ओळीत पाचवा रकाना आकड्याचा व सहावा एककाचा असतो, तेव्हा सहावा कोरा असेल तर तो संदेश पडद्यापर्यंत जाऊच न देता तपासणीच्या फायलीत अडकवून ठेवावा, एवढा एक नियम आधी घातला असता तर ती धावपळ वाचती.

नावांचा घोळ याहून नाजूक. गायकवाड हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिणारे आमचे शहर, आणि एकाच रुग्णाच्या वडिलांचे नाव एका खिडकीवर रमेश, दुसरीवर रमेशभाई, तिसरीवर रमेशराव! निव्वळ नावाच्या साम्यावर दोन नोंदी आपोआप एक करण्याची मुभा सॉफ्टवेअरला मुळीच देऊ नये. रुग्णाचा चौदा अंकी ‘आभा’ हा आरोग्य-ओळख क्रमांक असल्यास तो, नसल्यास इस्पितळाचा नोंदणी क्रमांक व जन्मतारीख पाहावी, आणि तरीही शंका उरली तर ते प्रकरण एखाद्या जाणत्या कारकुनापुढे ठेवावे. (असा कारकून खर्चाच्या अंदाजपत्रकात कोणी धरीत नाही, ही गोष्ट वेगळी.)

राहिली संदेश मिळाल्याची पोच. जुन्या दप्तरात कागद बारनिशीत चढल्याखेरीज पोच देण्याचा शिरस्ता नव्हता. या सॉफ्टवेअरांत मात्र संदेश साठवण्यापूर्वीच ‘एए’, म्हणजे ‘स्वीकारले’, अशी पोच परत धाडण्याची सोय कित्येक ठिकाणी चालू ठेवलेली आढळते, पाठवणारा निर्धास्त होतो, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली की अहवाल ना इकडचा राहतो ना तिकडचा. आत्याचा दुसरा अहवाल प्रयोगशाळेच्या हिशेबी रवाना झालेला आहे. वॉर्डात तो अद्याप पोहोचलेला नाही.

— दप्तरदार